पालि अध्ययनातील आदानप्रदान : येणारी वाट आणि जाणारी वाट

विद्यापीठांनी परदेशी विद्यापीठांशी विद्यार्थी व अध्यापक यांचे आदानप्रदान वाढवावे, असे आज सर्वत्र म्हटले जाते. सामंजस्य करार होतात, छायाचित्रे प्रसिद्ध होतात. पुढे पुष्कळदा काहीच घडत नाही. खऱ्या आदानप्रदानाला भाषेची पूर्वतयारी, निवासाची सोय, चरितार्थाची तरतूद आणि परत येऊन शिकविण्याची जागा ही चार अंगे लागतात. बौद्ध विद्येच्या इतिहासात ती स्पष्ट दिसतात.

इ. स. ६७१ मध्ये चीनमधून निघालेला इत्सिंग सरळ नालंदेस आला नाही. सुमात्रा बेटावरील श्रीविजय येथे सहा महिने राहून त्याने संस्कृत व्याकरणाचा अभ्यास केला. भारतात जाऊ इच्छिणाऱ्या चिनी भिक्खूंनी आधी तेथे एक-दोन वर्षे राहून तयारी करावी, असे त्याने पुढे लिहून ठेवले. नवव्या शतकात सुवर्णद्वीपाचा राजा बालपुत्रदेव याने नालंदेत विहार बांधविला आणि त्याच्या विनंतीवरून पालवंशीय देवपाल राजाने त्यासाठी पाच गावांचे उत्पन्न लावून दिले. नालंदेत सापडलेल्या ताम्रपटात याची नोंद आहे. म्हणजे ज्या देशाचे लोक यावयाचे, त्याने निवास बांधला आणि यजमान देशाने खर्चाची व्यवस्था केली. परस्पर जबाबदारीचे यापेक्षा चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

महाराष्ट्रातील आधुनिक पालि अध्ययनही अशाच प्रवासातून उभे राहिले. गोव्यात जन्मलेले धर्मानंद कोसंबी १९०२ साली कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांकडे पालि शिकले. पुढे महाराष्ट्रात राहून काम करावे या अटीवर सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा ५० रुपये दिले. १९१० मध्ये ते विसुद्धिमग्गाच्या संपादनासाठी हार्वर्डला गेले आणि १९१२ पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालि शिकवू लागले. त्यांचे विद्यार्थी पु. वि. बापट हेही हार्वर्डला गेले. चिनी भाषांतरात टिकून राहिलेला विमुत्तिमग्ग आणि विसुद्धिमग्ग यांचा त्यांचा तौलनिक अभ्यास १९३७ साली पुण्यात प्रसिद्ध झाला. एका माणसाच्या परत येण्याने पुढच्या माणसाची वाट मोकळी झाली.

त्याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर पूज्य बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. करारानुसार १९१७ मध्ये ते बडोद्यास सेवेसाठी परतले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहावयास घर मिळाले नाही आणि अल्पावधीतच त्यांना बडोदे सोडावे लागले. शिष्यवृत्ती होती, विद्या होती, करारही होता. परतणाऱ्या विद्वानाला सन्मानाने सामावून घेणारा समाज मात्र नव्हता. आदानप्रदानाचा विचार करताना आपण हा प्रसंग विसरू नये.

आज चित्र एकतर्फी आहे. थायलंड, म्यानमार, व्हिएतनाम येथील भिक्खू पुणे, दिल्ली येथील विद्यापीठांत येतात, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु आपल्या वस्त्यांतून आलेला पालिचा विद्यार्थी, जेथे त्रिपिटक आजही मुखोद्गत केले जाते आणि अट्ठकथा परंपरेने शिकविल्या जातात, तेथे क्वचितच जातो. याचे एक कारण नियमांत आहे. अनुसूचित जातींसाठी असलेल्या केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या २०२२ च्या नियमावलीने भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अध्ययन हे विषय वगळले. पालि व बौद्ध अध्ययनाचा मोठा भाग यातच येतो. शिवाय जागतिक क्रमवारीतील पहिल्या ५०० संस्थांची अट आहे. श्रीलंकेचे केलानिया विद्यापीठ किंवा थायलंडचे महाचुलालोंगकोर्न राजविद्यालय या अटीत बसत नाही. ज्या संस्था पालिची परंपरा जपतात, त्यांच्याकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याला या शिष्यवृत्तीचा उपयोग नाही.

हे नियम बदलावेत यासाठी आग्रह धरलाच पाहिजे. पण तोपर्यंत विद्यापीठांचे पालि विभाग आणि विहार यांना पुष्कळ करता येईल. एका सत्रासाठी दोन विद्यार्थी पाठवावेत आणि तिकडचे दोन घ्यावेत. तेथील श्रेयांक येथे ग्राह्य धरावेत. जाण्यापूर्वी सिंहली किंवा थाई यांचे प्राथमिक शिक्षण द्यावे. येणाऱ्या भिक्खूंच्या निवासाचा भार विहारांनी उचलावा आणि त्या बदल्यात त्यांनी आठवड्यातून एकदा विहारात पालि पठण शिकवावे. अध्यापकांनाही एका सत्राची रजा मिळावी. परतलेल्या विद्यार्थ्याने एक वर्ष आपल्या भागातील विहारात पालिचा वर्ग चालवावा.

भगवंतांनी भिक्खूंना बहुजनांच्या हितासाठी फिरत राहण्यास सांगितले आणि दोघांनी एकाच वाटेने जाऊ नये असेही सांगितले. परदेशातून येणाऱ्यांसाठी आपली वाट मोकळी आहे. आता आपल्या मुलामुलींनी जाण्याची आणि विद्या घेऊन परतण्याची वाट बांधणे, हे आपल्या विहारांचे आणि विद्यापीठांचे काम आहे.