साडीच्या आतली गोष्ट

माप घ्यायला टेप लावला की बायका हमखास पोट आत ओढतात. सोलापुरात ब्लाउज-परकर शिवते मी, त्यामुळे साडीच्या आत काय बदललं ते मला लगेच कळतं.

खणाच्या चोळीला आतून काही लागत नसे. अंग भरलं की गाठ सैल मारायची, उतरलं की घट्ट. नऊवारीला परकरही नको. पाचवारीसोबत तो आला आणि कंबरेला नाडी आवळली गेली. ब्लाउज पातळ झाले तशी आत 'बॉडी', म्हणजे ब्रा, आली. ती विकत आणायची, तीही पुरुष दुकानदाराकडून, खालच्या आवाजात ‘चौतीस द्या’ म्हणत. अमेरिकेत मेरी फेल्प्स जेकबला 1914 मध्ये ब्राचं पेटंट मिळालं. आमच्याकडे अजून बऱ्याच जणींना कपाचं माप ठाऊक नाही. छातीच्या खाली एक माप, भरल्या जागी दुसरं. फरक एक इंच तर ए, दोन तर बी, तीन तर सी. नुसता चौतीस आकडा सांगून काय कळणार? खांद्यावर वळ उठतात ते त्यामुळेच.

आता मुली परकराऐवजी साडीचं शेपवेअर आणतात. नायलॉनमध्ये स्पँडेक्स मिसळलेलं; हा ताणणारा धागा ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी 1958 मध्ये तयार केला. निऱ्या चापूनचोपून बसतात, चाल डौलदार दिसते, खोटं कशाला बोला! पण चरबी कुठे जात नाही, वर सरकते. म्हणून मी सांगते, ते घालूनच मापाला या, नाहीतर ब्लाउजचा खालचा पट्टा काचतो. फार घट्ट घेतलं तर मांडीच्या बाहेरच्या बाजूची नस दबून मुंग्या येतात. शिवाय आमचा मे महिना, लग्नाचा मांडव आणि अंगाला नायलॉन!

नाडीही साधी समजू नका. एकाच जागी वर्षानुवर्षं काचून झालेली जखम क्वचित कर्करोगात बदलते. वर्ध्याच्या डॉक्टरांनी 2024 मध्ये अशा रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. मी आता नाडीऐवजी रुंद सुती पट्टा आणि हुक लावून देते. तरुण मुली आनंदाने घेतात. वयस्कर बायका मात्र पट्टा उलटसुलट करून बघतात आणि म्हणतात, “नाडीच घाल बाई, साडी सुटली तर?”