घरपट्टीतली शाळा

मुंबईत घरपट्टी सहा-सहा महिन्यांची असते. एक सहामाही एप्रिलपासून, दुसरी ऑक्टोबरपासून. सोसायटीत राहणाऱ्यांच्या ती नजरेसही पडत नाही. सगळ्या इमारतीचे एकच देयक सेक्रेटरीकडे येते आणि मेंटेनन्सच्या पावतीत 'महापालिका कर' एवढ्या दोन शब्दांत मावते. मी मुलुंडला राहते. एकदा सोसायटीच्या कार्यालयात बसून मूळ देयक मागून घेतले आणि ओळीने वाचले. सर्वसाधारण कर, जल कर, जललाभ कर, मलनिःसारण कर, मलनिःसारण लाभ कर, महापालिका शिक्षण उपकर, राज्य शिक्षण उपकर, रोजगार हमी उपकर, वृक्ष उपकर, पथ कर. काही ओळींपुढे शून्य होते. पण शिक्षणाच्या ओळी दोन आहेत, आणि त्या दोन्हींपुढे रकमा होत्या.

एकाच देयकात शाळेसाठी दोनदा पैसे का? राज्य शिक्षण उपकर 1962 च्या महाराष्ट्राच्या उपकर कायद्याने आला. महापालिका तो फक्त गोळा करते आणि राज्याच्या तिजोरीत भरते. दुसरी ओळ महापालिकेची स्वतःची, तिच्या शाळांसाठीची. या ओळीमागची जबाबदारी फार जुनी आहे. मुंबई महापालिकेचा मूळ कायदा 1888 चा. त्यातल्या कलम 61 मध्ये महापालिकेने करायलाच हवीत अशा कामांची यादी आहे. गटारे बांधणे, रस्ते झाडणे, दिवे लावणे, पाणी पुरवणे, आणि त्याच यादीत प्राथमिक शिक्षणासाठी शाळा चालवणे, त्यांना मदत देणे आणि त्यांच्या जागेची नीट सोय करणे. ऐच्छिक कामांची यादी कलम 63 मध्ये वेगळी दिली आहे. प्राथमिक शाळा त्या यादीत नाही. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा देशात कुठेच नव्हता, त्या काळात या शहराने शाळेला नळ आणि गटारांच्या पंक्तीत बसवले. मला ही गोष्ट आजही थक्क करते.

या कायद्याच्या सहा वर्षे आधी, ऑक्टोबर 1882 मध्ये, जोतीराव फुल्यांनी शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे आपले निवेदन ठेवले होते. ते मुळात कराविषयीचे निवेदन आहे. सरकारच्या महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, हा त्यांचा मुद्दा होता. मुंबई इलाख्यात तेव्हा जमीन महसुलाच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड घेत आणि त्यातला तिसरा हिस्सा शाळांसाठी राखला जाई. म्हणजे शेतकरी शाळेचा कर भरतच होता, पण त्याच्या गावाला शाळा नव्हती. जोतीरावांनी निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, असे मागितले. शहरांबद्दलची त्यांची मागणी अगदी नेमकी होती: मोठ्या गावांतल्या नगरपालिकांनी आपल्या हद्दीतल्या प्राथमिक शाळांचा सगळा खर्च उचलावा, मात्र कारभार पूर्णपणे त्यांच्या हाती सोपवू नये, शिक्षण खात्याची देखरेख राहावी. जोतीराव 1876 पासून पुणे नगरपालिकेचे सभासद होते. नगरपालिकेचा पैसा कुठून येतो आणि कुठे जातो, हे त्यांनी आतून पाहिले होते.

पुढे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. स्थानिक संस्थांना शिक्षणासाठी खास कर बसवता यावा, अशी तरतूद त्यात होती. 1912 मध्ये ते 38 विरुद्ध 13 मतांनी फेटाळले गेले. बडोद्यात सयाजीरावांनी 1906 मध्येच संपूर्ण संस्थानात सक्ती आणलेली होती. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या राज्यात मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. आणि 1918 मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना सक्तीचा अधिकार देणारा कायदा झाला. पैशाचे काय, हा प्रश्न या प्रत्येक टप्प्यावर पहिला होता.

आता उपनगरांकडे येऊ. अंधेरी आणि घाटकोपर 1950 मध्ये महापालिकेच्या हद्दीत आले. बोरिवली आणि मुलुंड त्यानंतर सात वर्षांनी, 1957 मध्ये. साष्टी बेटावरच्या छोट्या नगरपालिका आणि गावे शहराला जोडली गेली आणि शहराचा कर त्यांना लागू झाला. हा कर सगळ्यांना सारखा लागू होता, पण सगळ्यांवर सारखा पडत नव्हता. कारण समजून घेण्यासारखे आहे.

तेव्हा घरपट्टी ठरायची ती घराला वर्षाला किती भाडे मिळू शकेल यावरून. तिला करयोग्य मूल्याची पद्धत म्हणत. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली आणि करही त्या गोठलेल्या भाड्याला बांधला गेला. दक्षिण मुंबईतल्या एखाद्या जुन्या, प्रशस्त इमारतीची बाजारातली किंमत शंभर पटींनी वाढली, तरी तिच्या कराचा पाया जागचा हलला नाही. बोरिवलीत किंवा मुलुंडमध्ये नव्याने उठलेल्या इमारतीत कारकुनाने, गिरणी कामगाराने, शिक्षकाने कर्ज काढून दोन खोल्या घेतल्या, त्यांचे मूल्य मात्र ताज्या खर्चावर ठरले. परिणाम असा, की चौरस फुटामागे उपनगरातला नवा फ्लॅट समुद्रासमोरच्या जुन्या घरापेक्षा जास्त कर भरत असे. शाळेचा उपकरही याच मूल्यावर बसतो, म्हणून शाळेचा भारही असाच उलटा पडला. अनेक दशके हे चालले आणि उपनगरांतल्या माणसाला ते कधी कोणी नीट समजावून सांगितले नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात 1978 मध्ये असेच काहीसे घडले, तेही मतदारांच्या हाताने. प्रपोझिशन 13 नावाच्या जनमताने घरपट्टी मूल्याच्या एक टक्क्यावर बांधली गेली आणि घर विकले जाईपर्यंत मूल्य वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवायला बंदी झाली. शेजारी-शेजारी दोन सारखी घरे, पण जुना मालक थोडा कर भरतो आणि नवा कित्येक पट. तिथल्या शाळा घरपट्टीवर चालत, त्यामुळे त्यांचा आधारच डळमळला आणि खर्चाचा मोठा भार राज्याला उचलावा लागला.

मुंबईने हा पाया 1 एप्रिल 2010 पासून बदलला. भांडवली मूल्याची पद्धत आली. रेडी रेकनर या सरकारी दरपत्रकातला त्या भागाचा भाव, घराचे क्षेत्रफळ, इमारतीचे वय, बांधकामाचा प्रकार, मजला आणि वापर, यांवरून मूल्य ठरू लागले. महाग भागातल्या घराला जास्त, स्वस्त भागातल्या घराला कमी. राहत्या घरापेक्षा दुकानाला आणि कचेरीला जास्त. आणि योगायोग पाहा, मुलांना मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा केंद्राचा कायदाही त्याच दिवशी, 1 एप्रिल 2010 रोजी लागू झाला. मुलाचा हक्क आणि त्या हक्काचे पैसे कोणी किती द्यायचे याचा नवा हिशेब, दोन्ही एकाच तारखेला सुरू झाले.

नवी पद्धत निर्दोष नव्हती. जमिनीवर पुढे-मागे किती बांधता येईल, तो चटई क्षेत्राचा अंदाज आजच्या मूल्यात धरणारे काही नियम उच्च न्यायालयाने 2019 मध्ये रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2022 मध्ये तो निकाल कायम केला. जे आज उभे आहे त्यावर कर घ्या, जे अजून नाही त्यावर नको. मला हा निकाल पटतो. कर भरणाऱ्यालाही न्याय मिळाला, तरच त्याच्याकडे शाळेसाठी मागता येते.

दुसरा मोठा बदल 1 जानेवारी 2022 पासूनचा. 500 चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घरांची घरपट्टी पूर्ण माफ झाली. सोळा लाखांहून जास्त घरे यात आली. महापालिका आणि राज्य मिळून वर्षाला सुमारे 462 कोटी रुपयांवर पाणी सोडावे लागेल, असा तेव्हाचा अंदाज होता. त्या वर्षीच्या महापालिकेच्या शिक्षण अर्थसंकल्पाच्या साधारण सातव्या हिश्श्याएवढी ही रक्कम. घाटकोपरच्या चाळीतून पुनर्विकासात गेलेल्या किंवा अंधेरीत एका खोलीत चौघे राहणाऱ्या कुटुंबाला सूट मिळाली, याचा मला आनंदच आहे. पण त्या देयकातून शिक्षण उपकराची ओळही गेली, आणि ती भरून कोण काढणार, हे त्याच ठरावात सांगायला हवे होते. गरिबाच्या घराला दिलेली सूट त्याच्याच मुलाच्या शाळेतून वळती होऊ नये.

कारण महापालिकेच्या उत्पन्नाचा दुसरा मोठा झराही याआधीच दुसऱ्याच्या हाती गेला होता. मुलुंडकर अजूनही 'चेकनाका' म्हणतात, दहिसरलाही म्हणतात. तिथे जकात घेत. रात्री-बेरात्री ट्रकच्या रांगा लागत, गाड्यांचे कागद तपासले जात. 1 जुलै 2017 रोजी वस्तू आणि सेवा कर आला, जकात गेली, नाक्यांवरच्या खिडक्या बंद झाल्या, नाव तेवढे उरले. जकातीच्या बदल्यात राज्य सरकार महापालिकेला दरमहा भरपाई देते आणि दरवर्षी ती आठ टक्क्यांनी वाढवते. ती वेळेवर मिळाली तर बरे, पण शहराच्या हातात स्वतःचा असा मोठा कर आता मालमत्ता कर, म्हणजे घरपट्टीच. 2024-25 मध्ये त्याची वसुली सुमारे 6,198 कोटी झाली. विमानतळ, सीप्झ आणि एमआयडीसी पोटात घेणारा अंधेरीचा के पूर्व विभाग या वसुलीत वरच्या रांगेत असतो. उपनगर आता शहराचे कमावते अंग आहे.

आणि या पैशाचे होते काय? सकाळी महापालिकेच्या एखाद्या शाळेसमोर उभे राहून पाहावे. एकाच इमारतीत दोन-तीन माध्यमांच्या शाळा, फाटकावर वेगवेगळ्या लिपींतल्या पाट्या. मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड अशा आठ भाषांत महापालिका शिकवते. एका पालिकेने आठ भाषांच्या शाळा चालवाव्यात, हे जगातल्या फार थोड्या शहरांना जमले असेल. आत येणाऱ्या मुलाच्या अंगावरचा गणवेश, पायातले बूट-मोजे, पाठीवरचे दप्तर, दप्तरातल्या वह्या, कंपासपेटी, पाण्याची बाटली, डबा, पावसाळ्यात डोक्यावरची छत्री, सगळे शाळेकडून. अशा 27 वस्तू विद्यार्थ्यांना मोफत दिल्या जातात. घरकाम करणाऱ्या बाईचा जूनच्या पहिल्या आठवड्यात हा खर्च वाचतो, म्हणजे काय होते, ते तिलाच विचारावे.

2020 पासून महापालिकेने 'मुंबई पब्लिक स्कूल' या नावाने सीबीएसईच्या शाळा सुरू केल्या. पहिली जोगेश्वरी पूर्वेला, पूनम नगरमध्ये. पाठोपाठ घाटकोपरची राजावाडी आली, आमच्या मुलुंड पूर्वेची मिठागर शाळाही आली. जागांपेक्षा अर्ज जास्त आले आणि प्रवेशासाठी सोडत काढावी लागली. महापालिकेच्या शाळेत कोणी मुले घालत नाही, हे आपण इतकी वर्षे म्हणत आलो. शाळा चांगली दिली तर आई-बाप फाटकाशी रांग लावतात, हे त्या सोडतीने दाखवले. मराठी माध्यमाच्या शाळा मात्र एकेक करून ओस पडत आहेत, आणि तिथेही तोच पैसा, तीच तळमळ का पोचू नये, हा माझा प्रश्न आहे.

2025-26 चा महापालिकेचा अर्थसंकल्प 74,427 कोटींचा. त्यात शिक्षणाला 3,955 कोटी. रुपयामागे पाच पैसे आणि थोडे वर. कोठारी आयोगाने 1966 मध्ये देशाच्या उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत असे म्हटले होते. ते अजून झालेले नाही. महापालिकेच्या अर्थसंकल्पी भाषणांत आणखी एक ओळ वर्षानुवर्षे येते: शिक्षण अनुदानापोटी राज्याकडून हजारो कोटी येणे बाकी आहे. आपण राज्य शिक्षण उपकर भरतो, महापालिका तो राज्याला पोचवते, आणि राज्याकडून शाळांचे अनुदान परत यायचे ते थकते. देयकातल्या त्या दोन ओळींचा प्रवास असा आहे.

मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली. त्यानंतरचे 2023-24, 2024-25 आणि 2025-26 हे तिन्ही अर्थसंकल्प प्रशासकांनी मांडले आणि प्रशासकांनीच मंजूर केले. शिक्षण समितीत उठून विचारणारे कोणी नव्हते. विचारायचे होते ते साधेच: बड्या थकबाकीदारांकडून वसुली किती झाली, दर पाच वर्षांनी व्हायची ती मूल्याची सुधारणा 2020 मध्ये करोनामुळे लांबली ती पुढे किती काळ लांबत राहिली, माफ केलेल्या उपकराची भरपाई कुठून झाली, राज्याने काय दिले.

शिक्षणाचा अर्थसंकल्प स्वतंत्र असतो, त्याला 'अर्थसंकल्प ई' म्हणतात. दरवर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीला तो मांडला जातो आणि महापालिकेच्या संकेतस्थळावर मराठीत मिळतो. सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत मेंटेनन्सचा विषय निघेल, तेव्हा घरपट्टीचे मूळ देयक टेबलावर मागून घ्या, शिक्षणाच्या दोन ओळी मोठ्याने वाचा आणि, आता पुन्हा नगरसेवक आहेत, तर आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला सभेला बोलवा. त्याच्या हातात अर्थसंकल्प ई द्या आणि आपल्या वस्तीतल्या शाळेसाठी त्यात काय आहे, ते विचारा.