विश्लेषण : सोलापूरचा हॉकीपटू कोणत्या विद्यापीठाकडून खेळतो आणि ते कोण ठरवते?

सोलापुरातल्या दोन मित्रांची कल्पना करा. दोघेही एकाच मैदानावर हॉकीचा सराव करतात. बारावीनंतर एक विज्ञान महाविद्यालयात गेला, दुसरा डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात. आता पहिला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाकडून खेळणार, तर दुसरा नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून. शहर एकच, पण संघ वेगळे. महाविद्यालयीन खेळात संघ शहरावरून नव्हे, तर महाविद्यालयाच्या संलग्नतेवरून ठरतो.

स्पर्धेची रचना कशी असते?

पहिली पायरी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची. एका विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये आपसात खेळतात आणि त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. स्वायत्त महाविद्यालयांची पदवीही विद्यापीठाचीच असते, त्यामुळे तेही याच रचनेत राहतात.

दुसरी पायरी विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेची. भारतीय विद्यापीठ संघ, म्हणजे ‘एआययू’ने देशाचे उत्तर, दक्षिण, पूर्व आणि पश्चिम असे चार विभाग केले आहेत. महाराष्ट्रातील विद्यापीठे गुजरात, राजस्थान, गोवा आणि मध्य प्रदेशातील विद्यापीठांसोबत पश्चिम विभागात खेळतात. विभागातले आघाडीचे संघ अखिल भारतीय स्पर्धेत जातात. २०२० मध्ये भुवनेश्वरला सुरू झालेल्या ‘खेलो इंडिया’ विद्यापीठ स्पर्धेतील सांघिक खेळांचे प्रवेशही याच कामगिरीवर ठरतात.

२००४ मध्ये काय बदलले?

कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये स्थापन झाले. सोलापूर जिल्ह्यातील महाविद्यालये पुढची चार दशके त्याच्याशी संलग्न होती. १ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूर विद्यापीठ सुरू झाले. एकाच जिल्ह्यासाठीच्या या विद्यापीठाला २०१९ मध्ये अहिल्यादेवींचे नाव देण्यात आले.

खेळाच्या दृष्टीने पाहिले तर ती मोठी फेररचना होती. हॉकीत मैदानावर ११ आणि राखीव धरून साधारण १८ जणांचा संघ असतो. आधी सोलापूरच्या मुलाला त्या १८ मध्ये येण्यासाठी कोल्हापूर, सांगली आणि साताऱ्याच्या खेळाडूंशी स्पर्धा करावी लागे. निवड चाचणी कोल्हापूरला असेल तर दोनशे किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागे. २००४ नंतर पूर्ण संघ एकट्या जिल्ह्याचा झाला.

मग हा फायदाच नाही का?

निवडीच्या बाबतीत फायदाच आहे. केंद्र सरकारच्या खेळाडू भरतीच्या नियमांत, आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केलेला खेळाडू पात्र गटात मोडतो. म्हणजे संघात नुसती जागा मिळणेही नोकरीच्या अर्जात मोलाचे ठरते. विद्यापीठ वेगळे झाले की जिल्ह्यातल्या मुलामुलींसाठी अशा जागा वाढतात.

तोटा पुढच्या पायरीवर जाणवतो. मोठ्या विद्यापीठाला खेळाडू चार ठिकाणांहून मिळतात. साताऱ्यातील एकट्या फलटण तालुक्याने वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे या भारतीय संघातील खेळाडू घडवल्या. एका जिल्ह्याच्या संघाला असा विस्तृत आधार नसतो. बाद फेरीच्या स्पर्धेत पहिलाच सामना तगड्या संघाशी पडला, तर मोसम एका दुपारीत संपतो. थोडक्यात, संघात येणे सोपे होते, पण संघाला पुढे जाणे अवघड होते.

महाविद्यालय आपणहून विद्यापीठ बदलू शकते का?

नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार विद्यापीठाचे कार्यक्षेत्र भूगोलावर ठरते. सरकारच्या मंजुरीशिवाय महाविद्यालयाला दुसऱ्या विद्यापीठाकडे जाता येत नाही.

इथेच अमेरिकेशी फरक आहे. तिथली महाविद्यालयीन हॉकी बर्फावरची. महाविद्यालये ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांत खेळतात आणि गट स्वतः निवडतात. २०१९ मध्ये सात महाविद्यालयांनी ‘डब्ल्यूसीएचए’ हा १९५१ पासूनचा गट सोडण्याचे जाहीर केले. दूरचे प्रवास हे त्यामागचे एक मोठे कारण होते. २०२१ मध्ये त्यांनी ‘सीसीएचए’ हा बंद पडलेला गट पुन्हा उभा केला आणि ‘डब्ल्यूसीएचए’ची पुरुष स्पर्धा संपली.

पुढे फेररचना होऊ शकते का?

आपल्याकडे फेररचना होते ती नवे विद्यापीठ निघाल्यावर. १९९० मध्ये जळगावला, २०११ मध्ये गडचिरोलीला अशीच विद्यापीठे झाली. आता त्यात समूह विद्यापीठांची भर पडली आहे. साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेची तीन महाविद्यालये शिवाजी विद्यापीठातून बाहेर पडली आणि २०२१ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झाले. या निर्णयांचा हेतू शैक्षणिक असतो, पण त्यासोबत खेळाचा नकाशाही बदलतो.

विभागांचा प्रश्न मात्र तसाच आहे. सोलापूरहून कलबुर्गी आणि विजयपूर ही शहरे साधारण शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहेत. पण कर्नाटक दक्षिण विभागात असल्याने तिथल्या विद्यापीठांशी सोलापूरची गाठ विभागीय स्पर्धेत पडत नाही. उलट स्पर्धा राजस्थानात असली तर हजार किलोमीटरहून जास्त प्रवास करावा लागतो.

विभागांच्या सीमा बदलणे महाविद्यालयाच्या हातात नाही. पण शेजारच्या विद्यापीठांशी मैत्रीपूर्ण सामने ठेवायला सीमेची आडकाठी नाही. विभागीय स्पर्धेत एका पराभवाने परतावे लागणाऱ्या संघाला सर्वाधिक गरज असते ती जास्त सामन्यांची.