चातुर्मासातील ड्रायर आणि यतना

आषाढ लागला की उल्हास नदीच्या परिसरातील बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरात कपडे वाळेनासे होतात. ओलसर घडीत बुरशी धरते, तीही जीवोत्पत्तीच. म्हणून काही घरांत ड्रायर आला आहे. कपडे वाळण्यास दुप्पट वेळ लागू लागला, तर प्रथम जाळी पाहावी. तीत साचलेल्या तंतूंनी हवा अडते, उष्णता कोंडते आणि तंतू पेटूही शकतात. जाळी प्रत्येक वापरानंतर स्वच्छ करावी. बाहेर जाणारी नळी वर्षातून एकदा, वीज बंद करून. गॅसवरील ड्रायरचा धूर घराबाहेरच सोडावा, कारण विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दोरीवरचे कपडे यंत्रात घालण्यापूर्वी हलकेच झटकावेत. एखादा सूक्ष्म जीव घडीत दडलेला असतो.