गोठत्या थंडीतील पिण्याचे पाणी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

उत्तराखंडातील उत्तरकाशी जिल्ह्यात सुमारे ३,८०० मीटर उंचीवर असलेल्या केदारकंठा शिखराची चढाई ऐन हिवाळ्यातही करता येते, आणि त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत सांकरी गावातून निघणाऱ्या तुकड्यांमध्ये महाराष्ट्रातून गेलेले अनेक ट्रेकर असतात. त्यांचा सराव बहुधा सह्याद्रीत झालेला असतो आणि तिथे पाण्याचा प्रश्न असतो तो टाके भरलेले आहे की आटले आहे एवढाच. बरोबर घेतलेले पाणी सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात राहूनही पिता येणार नाही, ही शक्यता त्यांच्या अनुभवात नसते. केदारकंठ्याच्या वरच्या मुक्कामावर मात्र रात्रीचे तापमान शून्याखाली दहा अंशांपर्यंत किंवा त्याहूनही खाली जाऊ शकते, आणि अशा थंडीत पाणी द्रवरूपात राखण्याविषयी जे सल्ले तोंडोतोंडी पसरतात, त्यांपैकी बरेच अर्धवट आणि काही सपशेल चुकीचे असतात.

त्यांतला सर्वांत नुकसानकारक समज असा की, गरम पाणी गार पाण्यापेक्षा लवकर गोठते, म्हणून बाटलीत गरम पाणी भरू नये. या समजाला एक शास्त्रीय पार्श्वभूमी आहे. तत्कालीन टांगानिका, म्हणजे आजच्या टांझानियातील एरास्टो म्पेम्बा या शाळकरी मुलाने १९६३ मध्ये आइस्क्रीमचे गरम मिश्रण थंड मिश्रणाआधी गोठल्याचे पाहिले आणि १९६९ मध्ये डेनिस ऑस्बोर्न या भौतिकशास्त्रज्ञाबरोबर त्यावर लेख प्रसिद्ध केला. मात्र हा परिणाम प्रत्येक प्रयोगात दिसत नाही, त्याच्या कारणांवर आजही एकमत नाही, आणि झाकण लावलेल्या बाटलीच्या बाबतीत त्यावर विसंबून निर्णय घेणे मुळीच योग्य नाही. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने उतरण्यासाठी त्यातून सुमारे एक किलोकॅलरी उष्णता बाहेर जावी लागते. म्हणजे ओढ्यातले २ अंशांचे पाणी २ किलोकॅलरी गमावताच गोठू लागण्याच्या टप्प्यावर येते, तर ८० अंशांच्या पाण्याला तिथवर येण्यासाठी ८० किलोकॅलरी गमवाव्या लागतात. पाणी जितके गरम तितकी त्याची उष्णता वेगाने जाते हे खरे, त्यामुळे मिळणारा वेळ चाळीसपट होत नाही, पण तो पुष्कळच वाढतो. त्यापुढेही पाण्याची आणखी एक जमा शिल्लक असते, ती म्हणजे अप्रकट उष्मा. तापमान न बदलता द्रवाचे स्थायूत रूपांतर होताना बाहेर पडणारी ही उष्णता लिटरमागे सुमारे ८० किलोकॅलरी असते, आणि म्हणूनच पहिले स्फटिक दिसल्यानंतर बाटली पूर्ण घट्ट होण्यास बराच अवधी लागतो.

दुसरा समज आवरणाविषयीचा आहे. लोकरी मोजा, जाकीट किंवा स्लीपिंग बॅग यांमुळे पाणी ‘गरम होते’ असे सर्रास म्हटले जाते, परंतु आवरण स्वतः उष्णता निर्माण करत नाही, ते केवळ आत असलेली उष्णता सावकाश बाहेर जाऊ देते. गारठलेली बाटली मोज्यात घालून तंबूच्या कोपऱ्यात ठेवली, तर ती सकाळपर्यंत गोठतेच. हीच बाटली जाकिटाच्या आत अंगालगत किंवा स्लीपिंग बॅगेत ठेवली, तर ती वाचते, कारण तिथे माणसाचे शरीर सतत उष्णता पुरवत असते. थर्मासचे तत्त्वही रोधनाचेच आहे. जेम्स ड्यूअर यांनी १८९२ मध्ये तयार केलेल्या या पात्रात दोन भिंतींमधली हवा काढून घेतलेली असल्याने वहन आणि अभिसरण हे उष्णता जाण्याचे दोन मार्ग जवळपास बंद होतात, आणि चकाकत्या पृष्ठामुळे तिसरा, म्हणजे प्रारणाचा मार्गही अरुंद होतो. एकेरी भिंतीची स्टीलची बाटली दिसायला थर्माससारखी असली, तरी तिला यातला एकही गुण नसतो, आणि हा फरक खरेदीच्या वेळीच तपासला पाहिजे.

बाटली उलटी ठेवावी हा सल्ला मात्र अगदी योग्य असून, अनेकांना तो अंधश्रद्धेसारखा वाटतो. पाण्याची घनता ४ अंशांना सर्वाधिक असते, त्याहून थंड झालेले पाणी हलके होऊन वर येते आणि तयार झालेला बर्फही वरच तरंगतो. साहजिकच सरळ ठेवलेल्या बाटलीचे तोंड सर्वांत आधी बंद होते, तर उलट्या बाटलीत बर्फ तळाकडे जमतो आणि झाकणाजवळचे पाणी वाहते राहते. त्यासाठी बाटली रुंद तोंडाची आणि न गळणारी हवी, झाकण लावण्यापूर्वी तिचे आटे फडक्याने कोरडे करायला हवेत, कारण आट्यांत राहिलेला ओलावा गोठला की झाकण बोटांनी फिरत नाही. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते, म्हणून बाटली काठोकाठ भरू नये.

वाहते किंवा हलणारे पाणी गोठत नाही, हा समज तर लडाखमधील झांस्कर नदीच खोडून काढते. ‘चादर’ म्हणून ओळखली जाणारी तिथली हिवाळी वाट म्हणजे वाहत्या नदीवर धरलेला बर्फच असतो. चालताना पाणी हिंदकळल्याने गोठणे थोडेफार लांबते, पण थांबत नाही. सॅकमधील पाण्याच्या पिशवीची नळी तर सर्वांत आधी गोठते, कारण तिच्यात पाणी थोडे आणि थंड हवेला उघडा पृष्ठभाग त्या मानाने फार असतो. प्रत्येक घोटानंतर नळीत फुंकून पाणी पिशवीत परत ढकलणे हा उपाय आहे, मात्र दमलेला माणूस तो विसरतो. कडाक्याच्या थंडीत नळीऐवजी बाटलीच बरी.

मीठ, साखर किंवा ओआरएस मिसळल्याने पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो हे रसायनशास्त्रदृष्ट्या बरोबर आहे, पण पिण्याजोग्या प्रमाणात तो जेमतेम अर्धा अंश उतरतो, आणि सुमारे दोन अंश उतरवायचा तर पाणी समुद्राइतके खारट करावे लागेल. मद्य मिसळण्याचा सल्ला धोकादायकच म्हटला पाहिजे. मद्याने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, उबेचा भास होतो आणि प्रत्यक्षात शरीर उष्णता गमावत राहते.

वाऱ्यामुळे ‘जाणवणारे’ तापमान उणे दाखवले म्हणून पाणी गोठेल, हेही खरे नाही. हवा २ अंशांवर असेल, तर वारा बंद बाटलीला लवकर २ अंशांवर आणील, त्याखाली नेणार नाही.

पाणी गोठले तर बर्फ खाऊन भागेल, हा शेवटचा आणि गंभीर समज होय. एक किलो बर्फ वितळून ३७ अंशांपर्यंत तापण्यासाठी सुमारे ११७ किलोकॅलरी लागतात, आणि तोंडाने खाल्लेल्या बर्फाला त्या शरीरातूनच पुरवाव्या लागतात. शिवाय थंडीत तहानेची जाणीव मंदावते आणि कोरड्या हवेत प्रत्येक श्वासाबरोबर ओलावा जात राहतो, त्यामुळे ट्रेकर तहानलेला असूनही त्याला ते उमगत नाही. बर्फ वितळवायचाच तर पातेल्यात आधी थोडे पाणी घालून स्टोव्हवर वितळवावा, नाहीतर भांडे करपते. बर्फ पांढराशुभ्र असला, तरी तो निर्जंतुक असतोच असे नाही. क्लोरीनच्या गोळ्यांचा परिणाम थंड पाण्यात मंद होतो, आणि पोकळ तंतूंचे गाळणे, म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या नळ्यांतून पाणी गाळणारे साधन, एकदा ओले असताना गोठले की त्याचे तंतू डोळ्यांना न दिसता फाटतात. उकळणे हाच त्यातल्या त्यात खात्रीचा मार्ग राहतो. ३,४०० मीटरच्या आसपास पाणी ८८-८९ अंशांनाच उकळते, तरीही रोगजंतू मारण्यास ते तापमान पुरते, फक्त २,००० मीटरच्या वर उकळी तीन मिनिटे चालू ठेवावी. हे काम सकाळच्या घाईत न करता रात्री जेवणानंतर उरकले, तर तेच पाणी वाफाळते असतानाच उष्णता सोसणाऱ्या जाड बाटलीत भरून स्लीपिंग बॅगेत पायांशी ठेवता येते, आणि एकाच इंधनात निर्जंतुक पाणी, रात्रीची ऊब आणि पहाटेच्या चढाईसाठी न गोठलेली बाटली अशी तिन्ही कामे होतात.