नमुना, चिठ्ठी आणि कवी : नांदगाव संस्थानाच्या दोन वास्तू

भिलाई-3 च्या पूर्वेस रायपूर आणि पश्चिमेस, दुर्ग ओलांडल्यावर, राजनांदगाव. हावडा–मुंबई लोहमार्गावरील या दोन नगरांत नांदगाव संस्थानाचा वारसा दोन भिन्न रूपांत टिकून आहे. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने ही दोन्ही स्थळे एकत्र का पाहावीत, हे येथे मांडायचे आहे.

नांदगावचे राजे वैष्णव बैरागी महंत होते. त्यांपैकी महंत घासीदास यांच्या आश्रयाने (सतनामी पंथाचे गुरू घासीदास ते वेगळे) 1875 मध्ये रायपूरचे संग्रहालय स्थापन झाले. 1953 मध्ये ते नव्या इमारतीत आले. सिरपूरच्या धातुमूर्ती, कोरीव लेख व आदिवासी अलंकार यांच्या जोडीला तेथे पेंढा भरलेले पशुपक्षीही मांडले गेले. वस्तू तिच्या परिसरातून उचलावी, वर्गात बसवावी आणि तिच्याखाली नाव व स्थळ सांगणारी चिठ्ठी लावावी, ही एकोणिसाव्या शतकातील निसर्गेतिहासाची पद्धती होय.

राजनांदगावी संस्थानाच्या जुन्या राजवाड्यात 1957 मध्ये दिग्विजय महाविद्यालय सुरू झाले. गजानन माधव मुक्तिबोध 1958 पासून 1964 मधील अखेरच्या आजारापर्यंत तेथे अध्यापक होते आणि वाड्याच्याच एका भागात राहत होते. आज तेथे त्यांचे स्मारक आहे. चक्राकार जिना आणि लगतचे तलाव पाहताना 'ब्रह्मराक्षस' या कवितेतील ओसाड विहीर व तिच्या पायऱ्या आठवतात. कवितेची जन्मभूमी हीच, असा निष्कर्ष मोह घालतो. परंतु ही कविता 1957 मध्ये, म्हणजे कवी नागपूरला असतानाच, प्रसिद्ध झाली होती. स्थळदर्शनाने वाचनाला गहिरेपणा येतो. रचनेचा पुरावा मात्र मिळतोच असे नाही.

दुसरी चिठ्ठी भाषेची. मुक्तिबोधांची मातृभाषा मराठी. त्यांनी काव्य मात्र हिंदीत लिहिले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत कवी, कादंबरीकार व समीक्षक म्हणून मान्यता पावले. 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या ग्रंथासाठी त्यांना 1979 चा साहित्य अकादेमी पुरस्कार लाभला. एकाच घरातील, मार्क्सवादी विचाराशी झुंजणारे हे दोन लेखक दोन वाङ्मयेतिहासांत विभागले गेले. परिणामी मराठी वाचकाला थोरला भाऊ परका वाटतो आणि हिंदी वाचकाला धाकटा सहसा ठाऊकच नसतो.

वर्गवारी टाकून देता येत नाही. तिच्याशिवाय संग्रह म्हणजे केवळ अडगळ. तथापि पेंढा भरलेल्या पक्ष्याची चिठ्ठी त्याची जात सांगते, त्याचे उड्डाण सांगत नाही. वाङ्मयेतिहासाने लावलेल्या 'हिंदी' आणि 'मराठी' या चिठ्ठ्यांचेही तसेच आहे. त्या वाचाव्यात, पण दोन्ही भावांचे लेखन शेजारी ठेवूनच वाचाव्यात.