संसार चारचाकीवर, चूल विजेची

मालवाहू व्हॅनच्या पोटात पलंग, पाण्याची टाकी आणि ओटा बसवून तिलाच घर मानणारी माणसे अमेरिकेत आता विरळा राहिलेली नाहीत. काहींची ती हौस आहे. परंतु ज्यांना घरभाडे परवडेनासे झाले, त्यांचा तो निवाराच होय. ह्या निवाऱ्यातील चूल गॅसवर असावी की बॅटरीवर, हा प्रश्न त्यांच्यापुरता तरी किरकोळ नव्हे.

आजवरचे रूढ उत्तर म्हणजे प्रोपेन. तेथील नेहमीच्या सिलिंडरात सुमारे 9 किलो वायू मावतो आणि त्यापासून सव्वाशे किलोवॉट-तासांच्या जवळपास उष्णता मिळते. उलट 12 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांची लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी जेमतेम सव्वा किलोवॉट-तास साठविते. एका सिलिंडरची बरोबरी करावयाची, तर शंभरेक बॅटऱ्या, म्हणजे टनाहून अधिक वजन! मग शहाण्याने बॅटरीच्या वाटेस जावेच कशाला?

येथे साठ्याची साठ्याशी तुलना करण्यातच गफलत होते. सिलिंडर रिकामा झाला की विकत भरून आणावा लागतो. बॅटरी मात्र गाडी चालता चालता भरते. दोन माणसांचा स्वयंपाक इंडक्शन शेगडीवर दिवसाला किलोवॉट-तासाच्या आसपास विजेत उरकतो. इंजिनावरील अल्टरनेटरकडून 30 अँपिअरने भरणा होत असेल, तर तीन तासांच्या प्रवासात तेवढी वीज जमा होते. छपरावरील सौरपट्ट्यांची भर निराळी. दोन बॅटऱ्यांत एखादा ढगाळ दिवसही निभावतो.

तथापि गॅसवरील खर्च वाचतो म्हणून बॅटरी घेणाऱ्याने आधी वही उघडून पाहावे. नुसत्या स्वयंपाकाला एक सिलिंडर कित्येक आठवडे पुरतो. त्या बचतीतून बॅटरी आणि इन्व्हर्टर यांची किंमत वसूल होणे कठीणच. 2010 साली किलोवॉट-तासामागे हजार डॉलरांच्या वर असलेला बॅटरीचा सरासरी घाऊक भाव 2024 साली सव्वाशेच्या आत आला, तरीही!

प्रोपेनचा खरा खर्च पावतीवर दिसत नाही. हा वायू हवेपेक्षा जड. गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. म्हणून त्यासाठी बाहेर झरोका असलेली हवाबंद पेटी हवी, गळतीची सूचना देणारे यंत्र हवे. किलोभर वायू जळला की दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ होते आणि थंडीत ती पत्र्यावरून ओघळते. कोंडलेल्या जागेतील कार्बन मोनॉक्साइड तर प्राणावरच बेततो. बाल्टिमोरच्या बंदराखालील बोगद्यांतून मोठे प्रोपेन सिलिंडर नेण्यासही मनाई आहे. एवढ्याशा जागेत राहणाऱ्याला ही सारी किंमत मोजावीच लागते.

म्हणून चुलीपुरता बॅटरीचा पक्ष बळकट ठरतो. उबेपुरता मात्र नाही. हिवाळ्याच्या रात्री दहा तास एक किलोवॉटची उष्णता हवी, तर आठ बॅटऱ्या सकाळपर्यंत रिकाम्या होतात. शिवाय शून्य अंशाखाली गारठलेली लिथियम बॅटरी भरूही नये. जाहिरातीतील व्हॅन नेहमी उन्हात उभी असते, हे ध्यानात ठेवलेले बरे. उत्तरेकडे जाणारे जाणते लोक चूल विजेची करतात आणि गाडीच्याच टाकीतील डिझेलवर चालणारा, धूर बाहेर सोडणारा लहानसा हीटर बसवून घेतात. रात्रभरात त्याला लिटर-दोन लिटर डिझेल लागते.